पांढरट की निळसर

धूर पांढरट होता. माझ्या या मतात मी आजही तसूभर बदल करायला तयार नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत होते, निळसर. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक, जे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत, ते म्हणाले, "दोघंही चुकताय. हा राखी आहे, आणि राखीत जराशी जांभळी झाक आहे." भर संध्याकाळी पाच वाजता साठी ओलांडलेले तीन गृहस्थ एका गाडीच्या मागे ओणवे होऊन धुराकडे बघत होते, आणि हे दृश्य चौथ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या गॅलऱ्यांतून लोक मनसोक्त पाहत होते.

आता रंगावरून एवढी हमरीतुमरी कशाला, असं कुणीही विचारेल. त्याला कारण गॅरेजचे मिस्त्री. मी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "धूर कसला आहे तेवढं सांगा. पांढरा म्हणजे पाणी जळतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय."

मी म्हणालो, "पांढरट."

"म्हणजे पांढरा?"

"पांढरा नव्हे हो. पांढरट."

"साहेब, तुमच्या त्या 'ट'चं मी काय करू? पाणी म्हणू की ऑइल म्हणू? नीट बघा आणि पुन्हा फोन करा."

त्यांनी फोन ठेवला. आपल्या भाषेने रंगांना काय एकेक शेपट्या लावून ठेवल्यात! पांढरट, पांढुरका, काळपट, काळसर, तांबूस, हिरवट. पण या शेपट्या जोडणाऱ्या पूर्वजांपैकी एकही जण कधी सायलेन्सरमागे उभा राहिलेला दिसत नाही. बायको असती तर तिने एका नजरेत, एका शब्दात रंग सांगितला असता. ती नव्हती. खरं म्हणजे सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

गाडी हिची. म्हणजे कागदोपत्री माझी, पण बावीस वर्षं चालवते ती. लायसन्स माझ्याकडेही आहे, फोटोत मी रुबाबदारही दिसतो, पण मी चाक हातात घेतलं की मागच्या गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत. त्यामुळे आमची वाटणी ठरलेली आहे. ती चालवते, मी शेजारी बसून "डावीकडून सायकल", "पुढे खड्डा" अशी माहिती पुरवतो. ती त्यातलं काही ऐकत नाही. संसार उत्तम चालला होता.

मग मुलीला मुलगी झाली आणि ही तिच्याकडे गेली. दीड महिन्यासाठी म्हणून गेली. दीडाचे अडीच झाले, अडीचाचे चार झाले. जाताना रिक्षात एक पाय ठेवून तिने मला शेवटची सूचना दिली होती, "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवत जा. नाहीतर बॅटरी उतरेल."

बस. यापलीकडे माझ्या हातून काही गुन्हा झालेला नाही. जे झालं ते सूचनेच्या अंमलबजावणीतच झालं.

पहिल्या रविवारी मी गाडी चालू केली आणि बाहेर उभा राहिलो. चालू गाडीशेजारी माणसाने दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं म्हणजे काय करायचं? येणारे-जाणारे विचारायला लागले, "कुठे निघालात?" म्हणून मी आत जाऊन बसलो. आत म्हणजे पलीकडून फिरून, माझ्या सीटवर. शेजारच्या. सवयीने पट्टाही लावला. समोर गाडी पुसायचं फडकं होतं, तिचा चष्म्याचा रिकामा डबा होता, ड्रायव्हरची सीट तिच्या उंचीला पुढे ओढलेली होती. इंजिन घरघरत होतं. आणि मला एकदम वाटलं, ही चाकात हवा भरायला सांगून खाली उतरली आहे, येईलच आता.

दहा मिनिटं कधी संपली कळलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं होतं, पण मी बुधवारी पुन्हा बसलो. बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. मग एक दिवसाआड. मग रोज, दुपारचा चहा झाला की. आता हसा. पण घरात तिची खुर्ची रिकामी दिसायची, ओट्याशी ती नाही हे दिसायचं, पलंगाची एक बाजू चादरीला सुरकुती न पडता तशीच राहायची. गाडीत मात्र ती नाही असं वाटायचं नाही. नुसती उतरली आहे असं वाटायचं. एवढाच काय तो फरक, पण त्या फरकावर मी चार महिने काढले.

आमचं फोनवर रोज बोलणं व्हायचं. ती विचारायची, "गाडी कशी आहे?" मी विचारायचो, "बाळाचं वजन किती झालं?" तिने आकडा सांगितला की मी म्हणायचो, "काट्यावर तपासणीचा शिक्का आहे का, बघून घे." एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, अशा गोष्टी अंगवळणी पडतात. फोन ठेवताना मी म्हणायचो, "सावकाश ये, घाई नाही." तू कशी आहेस, तुम्ही कसे आहात, हे आमच्या तोंडून कधी निघालं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर हे कसं विचारायचं, काही कळत नाही बुवा. फार जवळच्या माणसाला त्याचं नाव विचारल्यासारखं वाटतं.

त्या सोमवारी ती म्हणाली, "अहो, मी आणखी एक महिना राहू का? हिला कामावर रुजू व्हायचंय. बाळाला जरा सवय होऊ दे म्हणते ही."

मी म्हणालो, "रहा की. इकडे काय, सगळं ठीक आहे."

आणि मंगळवारी तीनला जो गाडीत जाऊन बसलो, तो चार वाजून गेले तरी उठलो नाही. आणखी तीस दिवस! मी खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीकडे बघत होतो. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा असतो तो ड्रायव्हरच्या समोर. माझ्या सीटवरून तो दिसत नाही. काटा लाल रेषा ओलांडून गेला, टेकला, तिथेच राहिला, आणि मी आपला भिंतीकडे बघतोय. बॉनेटमधून वाफेचा लोट फुस्सकन वर आला तेव्हा कुठे मी पट्टा सोडून बाहेर उडी मारली.

गाडी बंद केली. तोवर सेक्रेटरी बादली घेऊन धावत आले होते. "सरका, पाणी ओततो." प्राध्यापक वरून ओरडले, "खबरदार! तापलेल्या धातूवर गार पाणी? तडा जाईल!" सेक्रेटरी म्हणाले, आमच्या मामांच्या ट्रकवर आम्ही नेहमी ओतायचो. प्राध्यापकांनी खाली येऊन विचारलं, तो ट्रक आता कुठे आहे? सेक्रेटरींना ते लागलं. मग पाऊणएक तास दोघांचं मामा, ट्रक आणि धातूंचे गुणधर्म यांवर कडाक्याचं भांडण झालं आणि तेवढ्यात इंजिन आपोआप थंड झालं. त्या दिवशी कुणाच्या सल्ल्याचा मला उपयोग झाला असेल तर तो एवढाच. पाणी भरलं, गाडी पुन्हा चालू केली, आणि मागून हा धूर. पांढरट.

प्राध्यापकांनी मला धुराचा वास घ्यायला लावला. "गोडसर आहे का बघा." घेतला. पुढची दहा मिनिटं मी खोकत होतो आणि ते "गोड की कडू?" असं विचारत होते. सेक्रेटरींनी पांढरा रुमाल धुरासमोर धरला. रुमाल माझा होता. त्यावर जो डाग पडला त्याच्या रंगावरही एकमत झालं नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "गाडी कशी आहे?"

"एकदम मस्त."

"चालू करता ना मधूनमधून?"

"करतो की. मधूनमधून."

एकतीस वर्षं दुसऱ्यांची खोटी मापं पकडली आणि त्या संध्याकाळी एका दमात दोन खोटी वाक्यं बोललो. पण सांगणार काय? तुझी गाडी मी उभ्या उभ्या जाळली? का जाळली, हे विचारलं असतं तिने. ते तर त्याहून सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या येण्याआधी गाडी पहिल्यासारखी झालीच पाहिजे, एवढं मी मनाशी ठरवलं. ती कधी येणार हे मात्र माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाफलकावर नोटीस. "धूर सोडणाऱ्या वाहनांनी प्रदूषण तपासणीचा दाखला सादर केल्याशिवाय आवारात उभे राहू नये." खाली सही, शिक्का. 'वाहनांनी' असं अनेकवचन होतं. सोसायटीत धूर सोडणारं वाहन एकच होतं, पण आमचे सेक्रेटरी कुणाचं नाव घेऊन अपमान करत नाहीत. अनेकवचनात करतात.

गेलो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर पत्र्याची टपरी, आत एक संगणक आणि एक तपासणीवाला. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, मला ऍक्सिलरेटर दाबायला सांगितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नापास."

मी शाळेत कधी नापास झालो नाही. खात्याच्या परीक्षांत नाही. साठीनंतर, पत्र्याच्या टपरीत, चार रिक्षावाल्यांसमोर झालो. मी खाली उतरलो आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या या यंत्राची पडताळणी कधी झाली आहे? शिक्का दाखवा."

"कसला शिक्का?"

"कुठल्याही मोजणीच्या यंत्राला पडताळणीचा शिक्का असावा लागतो. त्याशिवाय तुमचा आकडा मी ग्राह्य धरू शकत नाही."

तो म्हणाला, "साहेब, यंत्र राहू द्या बाजूला. धूर मला डोळ्यांनी दिसतोय."

मला अंधुकशी आशा वाटली. तिऱ्हाईत माणूस, रोज धुरातच उभा असतो. मी विचारलं, "मग सांगा बरं, कोणत्या रंगाचा आहे?"

"नापास रंगाचा," तो म्हणाला, आणि रिक्षावाले खिदळले.

मी टपरीतून तडक गॅरेजकडे निघालो, पण वाटेत सोसायटीच्या फाटकाशी सेक्रेटरी आणि प्राध्यापक उभेच होते. कुणी बोलावलं नव्हतं. दोघं मागचं दार उघडून बसले. "तुम्ही एकटे काय सांगणार मिस्त्रींना," असं म्हणाले. मीही त्यांना उतरवलं नाही, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता.

या मिस्त्रींची एक पद्धत आहे. गाडी आली की ते बॉनेटला हात लावत नाहीत. आधी स्टूल पुढे करतात, स्वतः जुन्या टायरवर बसतात आणि म्हणतात, "हकीकत सांगा." सगळी हकीकत ऐकल्याशिवाय पाना उचलायचा नाही. त्यांचं म्हणणं, गाडी अर्धी माणसाच्या तोंडातूनच दुरुस्त होते.

"कुठे तापली?"

"घाटात," मी म्हणालो.

प्राध्यापकांना ठसका लागला. सेक्रेटरी भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"चढताना?"

"हो, चढताना. चांगला चढ होता."

"किती माणसं होती?"

"मी एकटा."

मिस्त्रींचा चेहरा गंभीर झाला. "एकटा माणूस, सामान नाही, तरी चढावर उकळली. आणि आता पांढरा धूर. म्हणजे हेड गॅस्केट गेलं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागात पातळ पत्रा असतो बघा, पाण्याला आत शिरू न देणारा? तो फाटला. इंजिन पूर्ण खोलावं लागेल. पंधरा-वीस दिवस धरा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिची गाडी सुटी सुटी होऊन फडक्यावर मांडलेली मला दिसायला लागली. तरी मी घाटावरून खाली उतरलो नाही. खोटं बोललेला माणूस किती चिवट असतो ते मी नोकरीत पाहिलं होतं, आता आतून अनुभवत होतो.

"खोलण्याआधी खात्री करतो," म्हणत मिस्त्री उठले. रेडिएटरचं झाकण काढून त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. "पाण्यात बुडबुडे नाहीत." ऑइलची पट्टी बाहेर काढून बोटांवर चोळली. "ऑइलमध्ये पाणी नाही. असतं तर दुधासारखं झालं असतं." ते डोकं खाजवायला लागले. "गॅस्केट तर शाबूत आहे. मग घाटात तापली कशी?" ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दाराच्या कडेला मागच्या सर्व्हिसची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती वाचली. मग समोरच्या मीटरकडे बघितलं. मग पुन्हा चिठ्ठी. मग माझ्याकडे.

"मागची सर्व्हिस मीच केली होती, चार महिन्यांपूर्वी. वहिनी घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून गाडी चाललीये अकरा किलोमीटर."

सेक्रेटरी पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

"त्यात पंपावरच्या फेऱ्या आल्या, प्रदूषणवाला आला, आज इथवर आलात ते आलं. साहेब, हा घाट सोसायटीच्या आवारातच बांधलाय का?"

पारड्याखाली मेण चिकटवणारे, वजनाचा तळ पोखरणारे, असे शेकडो दुकानदार मी पकडले आहेत. मी पारडं उलटं केलं की त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते मला पाठ आहे. आधी कान लाल होतात, मग नजर पायांकडे जाते. माझी नजर माझ्या चपलांकडे गेली होती.

"उभी ठेवून चालू ठेवत होता?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"कशाला?"

"बॅटरीसाठी."

"बॅटरीला आठवड्याची दहा मिनिटं पुरतात. बरं, काटा लालच्या वर गेला तो तुम्हाला दिसला नाही? डोळ्यांसमोर असतो."

"माझ्या नसतो," मी म्हणालो. "मी शेजारच्या सीटवर बसतो."

हे तोंडातून निघालं आणि मग परत घेता येईना. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसले, स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"वहिनी गावाला गेल्यात का?"

"मुलीकडे. चार महिने झाले."

"मग करमत नव्हतं असं सांगा ना सरळ! मला कशाला घाट चढायला लावताय?"

प्राध्यापक हळूच म्हणाले, "आम्ही रोज वरून बघायचो तुम्हाला."

"मीही," सेक्रेटरी म्हणाले. "आधी वाटायचं, निघालेत कुठेतरी. मग लक्षात आलं, निघतच नाहीत. विचारायला जीभ रेटली नाही."

"मग ती नोटीस कशाला लावलीत?" माझा आवाज नको तेवढा चढला.

"म्हटलं, निदान गाडी फाटकाबाहेर तरी काढाल."

चार महिने मी समजत होतो की माझं हे गुपित पट्ट्यासकट सुरक्षित आहे. आणि सगळी इमारत, दुपारचा चहा घेत, मला बघत होती. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं, पण खाली मिस्त्रींच्या गॅरेजची फरशी होती आणि तिच्यावर ऑइल सांडलेलं होतं.

खरी हकीकत कळल्यावर मिस्त्रींना रोग सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रेडिएटरच्या पंख्याची वायर उंदराने कुरतडली होती. "गाडी पळत असती तर वाऱ्याने थंड राहिली असती. उभ्या गाडीला पंखाच लागतो. आणि धुराचं म्हणाल तर, उभ्या उभ्या चालवून थोडं ऑइल वर चढलंय आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचलंय. पाण्याचा पांढरा, ऑइलचा निळा."

"म्हणजे पांढरट बरोबर!" मी म्हणालो.

"म्हणजे निळसर बरोबर!" सेक्रेटरी म्हणाले.

"आणि दोन्ही मिसळून राखी," प्राध्यापक म्हणाले. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"वायर मी आत्ता जोडून देतो," मिस्त्री म्हणाले, "पण धुराला औषध नाही. गाडी एकदा लांब पळवून आणा. तापू दे, वाहू दे. साचलेलं सगळं जळून जाईल."

"लांब म्हणजे किती?"

"शंभर, दोनशे किलोमीटर. तिकडे आहे का कुणी तुमचं?"

मुलीचं गाव एकशे नव्वद किलोमीटरवर आहे. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं. बाकीच्या दोघांना माहीत होतं आणि ते दोघं माझ्याकडे बघत होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी निघालो. आतापर्यंतच्या फेऱ्या गुडघे दुमडून केल्या होत्या, आज मात्र ड्रायव्हरची सीट मागे घ्यावी लागली, ते जिवावर आलं. फाटकाशी सेक्रेटरी आणि प्राध्यापक निरोप द्यायला उभे होते, चौथ्या मजल्यापर्यंतच्या गॅलऱ्याही भरल्या होत्या. मी ऐटीत फाटकाबाहेर पडलो आणि वळणावर गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली. मागून टाळ्यांचा आवाज आला, तो मी ऐकला नाही असं ठरवलं.

महामार्गावर मी ताशी चाळीसच्या वर गेलो नाही. मला ट्रकांनी मागे टाकलं, बसगाड्यांनी टाकलं, शेवटी एका ट्रॅक्टरने टाकलं. ट्रॅक्टरवाल्याने वळून माझ्याकडे ज्या किवेने पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. मध्येच मी मोठ्याने म्हणालो, "डावीकडून सायकल." गाडीत कुणी नव्हतं. मीच चालवत होतो आणि मीच सांगत होतो. ही चालवत असताना मी इतकी वर्षं बडबडलो, आणि ती कधी "गप्प बसा" म्हणाली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आरशात धुराची शेपटी दिसत होती. पन्नास किलोमीटरनंतर ती विरळ झाली. ब्याण्णव किलोमीटरवर मी एका झाडाखाली थांबलो, खाली उतरून मागे गेलो आणि ओणवा होऊन पाहिलं. धूर नाही. पांढरा नाही, निळा नाही, कुठल्याच शेपटीचा नाही. सायलेन्सरमधून नुसती गरम हवा येत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण गाडी बरी झाली होती आणि आता पुढे जायला काही निमित्तच उरलं नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलेलं काम इथेच संपलं होतं. शहाण्या माणसाने इथून परत फिरावं. मी पाच मिनिटं त्या झाडाखाली उभा होतो. मग गाडीत बसलो आणि पुढचे अठ्ठ्याण्णव किलोमीटर काहीही कारण नसताना चालवले.

दुपारी पावणेदोनला मुलीच्या दारात पोचलो. हॉर्न वाजवायचा नव्हता, घाबरून कोपर लागलं आणि वाजला. ही बाहेर आली. जरा वाळली होती. कानाजवळचे केस जास्त पांढरे झाले होते, पांढरट नव्हे, पांढरे. मी चार महिन्यांनी बघत होतो आणि बघतच राहिलो.

"अहो, तुम्ही? गाडी घेऊन? एकटे?" ती धावत पायऱ्या उतरली. "काय झालं?"

"काही नाही गं. गाडी जरा धूर देत होती. सायलेन्सरमध्ये पाणी साचलं होतं. मिस्त्री म्हणाले लांब पळवून आणा, म्हणजे जळून जाईल. म्हणून म्हटलं जरा पळवून आणू."

ती मागे गेली. खाली बसून तिने गाडीतलं फडकं सायलेन्सरच्या तोंडातून फिरवलं, फडक्याकडे पाहिलं. "ही तर स्वच्छ आहे."

"हो, झाली."

"कुठे झाली?"

"ब्याण्णव किलोमीटरवर."

ती उठली. हात झटकले. "मग तिथूनच परत का नाही फिरलात?"

मी तोंड उघडलं. पंख्याची वायर, उंदीर, वाऱ्याचा झोत, सगळं सांगण्यासारखं होतं. त्यातलं काही बाहेर पडेना.

"मला करमत नाही," मी म्हणालो. "तू घरी ये."

तिचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ ती अशी काही संतापली की मी एक पाऊल मागे सरलो. "हे सांगायला चार महिने लागले तुम्हाला? रोज फोन ठेवताना काय म्हणायचात? 'सावकाश ये, घाई नाही.' रोज! सावकाश ये, सावकाश ये! मला वाटलं, माणूस सुटला एकदाचा. राहू का म्हटलं तर म्हणे रहा की! अहो, मी विचारलं होतं ते 'नको' ऐकायला विचारलं होतं!"

"मला वाटलं, तुला इथे बरं वाटतंय, उगीच कशाला..."

"काय बरं वाटतंय? गाडी कशी आहे हे विचारून विचारून माझी जीभ झिजली!"

दारात मुलगी येऊन उभी होती, खांद्यावर बाळ. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीये? आईने पंधरा दिवसांपूर्वीच बॅग भरली होती. आज ये म्हणतील, उद्या म्हणतील. तुमचा फोन झाला की रोज त्या बॅगेतून कपड्यांचा एक जोड बाहेर काढते घालायला. आज अंगावर आहे तो शेवटचा."

"तू गप्प बस गं," ही म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता सगळे कपडे दोरीवर आहेत. पुन्हा बॅग भरायची म्हणजे वेळ लागेल मला."

"सावकाश भर," असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"लवकर भर," मी म्हणालो.